भुसावळहून युरोप, विमान न घेता: हा रस्ता कसा चालू होता आणि कसा बंद पडत गेला

ओळखीतल्या एका पोराला जर्मनीत शिकायला जायचंय आणि तो म्हणतो विमानाने जाणार नाही, रेल्वे-बस आणि लागलीच तर बोट. घरचे म्हणतात डोकं फिरलंय भो याचं. मला तसं वाटत नाही, कारण त्याच्या पणजोबांच्या काळात युरोपला जायचा दुसरा मार्गच नव्हता आणि लोक आरामात जात होते. अडचण अशी की आपण नकाशा उघडतो, भुसावळ ते बर्लिन बोटाने रेघ ओढतो, साताठ हजार किलोमीटर तर आहे म्हणतो, आणि मग एकेक बॉर्डर चेक करत गेलो की रेघ कुठेतरी अडकतेच. ती का अडकते हे कळायला मागचं सगळं माहिती पाहिजे.

एकदम मागे गेलो तर खान्देश हा तसा हमरस्ताच होता. मोगलांच्या काळात परदेशातून येणारा माणूस सुरतेला उतरायचा आणि आग्र्याला जायचं तर एक मोठी वाट तापीच्या काठाकाठाने बऱ्हाणपूरवरून जायची. इंग्रजांचा वकील थॉमस रो १६१५ ला सुरतेला उतरून नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला गेला, तिथे शहजादा परवेझला भेटला आणि मग पुढे अजमेरला जहांगीरकडे. फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निए याने तर सुरत-आग्रा रस्त्याचे टप्पेच लिहून ठेवलेत, त्यात नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपली गावं वेड्यावाकड्या स्पेलिंगने सापडतात. आणि ही वाट काही नुसती येणाऱ्यांची नव्हती, हजला जाणारे लोक पण सुरतेच्याच बंदरातून जहाजात बसायचे.

पण तेव्हाचा समुद्राचा प्रवास म्हणजे वाऱ्यावर. आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून इंग्लंडला पोचायला चार-सहा महिने सहज जायचे. ते बदललं वाफेच्या बोटींनी. १८३० च्या मार्चमध्ये मुंबई गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे नावाची बोट सुवेझला निघाली, आणि तिच्यात कोळसा इतका भरावा लागला की माणसांना जागाच उरली नाही. महिनाभरात पोचली पण. मग वाटेत कोळसा भरायला ठिकाण हवं म्हणून १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने येमेनचं एडन बंदर ताब्यातच घेतलं. आता सुवेझला उतरल्यावर कालवा तर नव्हता, त्यामुळे उंट, घोडागाडी असं करत वाळवंट ओलांडायचं, कैरो गाठायचं, नाईलने अलेक्झांड्रियाला आणि तिथून परत बोट. वॅगहॉर्न नावाच्या एका खटपट्या माणसाने ही लाईन बसवली आणि तिला ओव्हरलँड रूट म्हणायचे, म्हणजे जमिनीवरून भारत-इंग्लंड या शब्दाचा पहिला अर्थ तेवढा इजिप्तचा तुकडा होता. १८५८ पर्यंत तिथे अलेक्झांड्रियापासून सुवेझपर्यंत रेल्वे पण झाली.

त्यानंतरच्या दोन तारखा महत्त्वाच्या. १७ नोव्हेंबर १८६९ ला सुवेझ कालवा उघडला आणि मार्च १८७० मध्ये मुंबईची रेल्वे जबलपूरला कलकत्त्याच्या रेल्वेला जोडली गेली. ती लाईन मनमाड, जळगाव, भुसावळ करतच जाते. चार महिन्यांच्या आत आपलं स्टेशन थेट लंडन-कलकत्ता मार्गावर आलं, याच्यापेक्षा मोठी गोष्ट भुसावळच्या बाबतीत घडली असेल असं मला वाटत नाही. ऐंशी दिवसांत पृथ्वीला चक्कर मारायची पैज लावणारी ती फ्रेंच कादंबरी लगेच नंतर आली आणि तिच्यातली गाडी खान्देशातून जाते, बऱ्हाणपूरला नोकर मोत्यांच्या नक्षीच्या चपला घेतो. तसं आपला कापूस माणसांच्या आधीच इंग्लंडला जात होता म्हणा, अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ ते ६५ तिकडचा माल थांबला तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

यानंतर शंभर वर्षं हे चाललं. आनंदीबाई जोशी १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघून इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला गेल्या. गांधीजी १८८८ ला मुंबईहून गेले, आणि १८९१ ला परत आल्यावर समुद्र ओलांडला म्हणून त्यांच्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातलं, त्या काळात व्हिसा नव्हता तर जातीची परवानगी होती, अडवणारे तेव्हाही होतेच. वेळेचा अंदाज हवा असेल तर गोलमेज परिषदेचा घ्या. २९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी राजपुताना बोटीवर मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरले, रेल्वेने १२ तारखेला लंडन. पंधरा दिवस. मार्सेला उतरायची पद्धतच होती, पुढे स्पेनला वळसा घालत बसण्यापेक्षा फ्रान्सची रेल्वे लवकर पोचवायची.

आणि आपल्या बाजूला त्या बोटीला जोडून रेल्वे होती. १९१२ ला सुरू झालेली पंजाब मेल मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याहून विलायतेहून आलेले साहेब आणि टपाल घेऊन सुटायची, भुसावळ, इटारसी, आग्रा, दिल्ली, लाहोर करत पेशावर, साधारण ४७ तास. जरा विचार करा, भुसावळला बसायचं आणि खैबर खिंडीच्या तोंडाशी उतरायचं, मधे गाडी बदलायची पण गरज नाही. तीच पंजाब मेल आजही भुसावळला थांबते, फक्त फिरोजपूरला संपते.

जमिनीवरून पूर्ण युरोपपर्यंत रेल्वे मात्र कधीच झाली नाही. होता होता राहिली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी क्वेट्टाकडून लाईन वाढवत नेली आणि १९२२ मध्ये ती इराणातल्या जाहेदानला पोचली. तिकडून १९४० मध्ये इस्तंबूल-बगदाद लाईन पूर्ण झाली. मधला इराणचा तुकडा तेवढा राहिला. जाहेदान इराणच्या बाकी रेल्वेला जोडायला २००९ उजाडलं, आणि तेव्हा पण रुळाची रुंदी वेगळी, आपला ब्रॉडगेज आणि त्यांचा स्टँडर्ड. रूळ पोचले तोपर्यंत मधल्या देशांचं जमेनासं झालं होतं.

१९४७ ला लगेच सगळं बंद झालं असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. भारत-पाकिस्तानमध्ये पासपोर्ट-व्हिसा १९५२ च्या ऑक्टोबरात आला. १९५७ मध्ये तर लंडन-कलकत्ता बस सुरू झाली, इंडियामन नावाची, जायचं भाडं ८५ पौंड, १५ एप्रिलला निघून ५ जूनला कलकत्त्यात. १९६२ ला सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघं दिल्लीहून अणुबॉम्बविरोधात पायी निघाले, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी बोटीने अमेरिका. पैसे सोबत घेऊ नका, असा सल्ला त्यांना दिला होता विनोबांनी. हेच ते विनोबा, ज्यांनी १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दोन भारतीय पोरं खिशात दमडी नसताना पाकिस्तानातून चालत गेली आणि तिथल्या लोकांनी त्यांना जेवू घातलं, हे आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

मग हिप्पींचा जमाना. इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, लाहोर, अमृतसर, दिल्ली, आणि पुढे काठमांडू नाहीतर गोवा. त्यातले अजिंठा बघायचा म्हणून जळगावला उतरणारे असायचे. हा रस्ता युरोपियन लोकांसाठी जेवढा मोकळा होता तेवढा आपल्यासाठी नव्हता हे पण खरं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी आपली पंजाबची बॉर्डर घट्ट केली, समझौता एक्सप्रेस १९७६ ला आली तेव्हा कुठे परत रेल्वे जोडली गेली. आणि तीनच वर्षांत, १९७९ मध्ये, फेब्रुवारीत इराणची क्रांती आणि डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात. १९८० ला इराण-इराक युद्ध. एका वर्षात रस्ता मेला म्हणा ना.

समुद्राचं काय झालं हे फार कमी लोक बोलतात. विमान आलं आणि बोटी संपल्या असं सरळ गणित लावतात. एअर इंडियाची मुंबई-लंडन सेवा ८ जून १९४८ ला सुरू झाली, पण त्यानंतरही वीसेक वर्षं शिकायला जाणारी मुलं बोटीनेच जायची, स्वस्त पडायचं आणि सामान भरपूर नेता यायचं. खरा दणका १९६७ चा. अरब-इस्रायल युद्धात सुवेझ कालवा बंद झाला तो थेट जून १९७५ ला उघडला. आठ वर्षं बोटींना आफ्रिकेला वळसा, म्हणजे परत तॅव्हर्निएच्या काळात. तेवढ्यात १९७१ ला एअर इंडियाचं जंबो विमान आलं. कालवा उघडला तेव्हा माल परत आला, पॅसेंजर आले नाहीत. मुंबईहून आखातात बसऱ्यापर्यंत जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी १९८२ ला थांबल्या. हजच्या बोटी तेवढ्या उरल्या. धुळे, भुसावळ, रावेरकडचे हाजी मुंबईला जाऊन जेद्दाहची बोट धरायचे, घरोघर निरोप घ्यायचे, बोटीवरच ओळखी व्हायच्या. १९९५ ला त्या पण बंद झाल्या. माझ्या मते साध्या माणसाचा इथला समुद्रप्रवास तिथे संपला, त्यानंतर आहे ते क्रूझ, म्हणजे फिरायला जायचं, कुठे पोचायला नाही. रावेर-यावलची केळी आजही रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये बसून समुद्रमार्गे आखातात जातात, माणसाला मात्र तिकीट मिळत नाही! मालवाहू जहाजावर पैसे देऊन केबिन घ्यायची सोय काही कंपन्यांनी ठेवली होती, कोविडमध्ये ती जवळपास बंद झाली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं परत आफ्रिकेकडून जायला लागली.

मधे काही दारं उघडली पण. सोव्हिएत संघ फुटल्यावर मध्य आशिया मोकळा झाला, चीनमधल्या उरुमचीहून कझाकस्तानातल्या अल्माटीला रेल्वे सुरू झाली. १ जुलै २००६ ला ल्हासापर्यंत रेल्वे आली. पूर्वेला मणिपूरचं मोरे ऑगस्ट २०१८ मध्ये साध्या प्रवाशांना खुलं झालं, तिकडून म्यानमार, थायलंड आणि वर चीन असा रस्ता दिसायला लागला होता. मग मार्च २०२० चा कोविड, फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, संपलं. पश्चिमेला समझौता ऑगस्ट २०१९ पासून बंद, पंजाबातली अटारीची बॉर्डर २०२५ च्या एप्रिलपासून पहलगामनंतर बंद. इराणने २०२४ ला भारतीयांना १५ दिवस व्हिसा माफ केला, पण अट काय, तर विमानानेच आलं पाहिजे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती सवलत पण काढली. रशियातून युरोपात जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या कोविड आणि युक्रेन युद्धाने गेल्या. अझरबैजानने जमिनीवरची बॉर्डर २०२० पासून बंदच ठेवलीय त्यामुळे कॅस्पियन समुद्र ओलांडायचा मार्ग पण अडला.

गंमत अशी की हौशी लोक याच काळात वाढले. स्वीडनमध्ये विमानाने जायची लाज वाटते हा विचार २०१८ च्या सुमारास पसरला, ग्रेटा थुनबर्ग २०१९ ला शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडून गेली. डेन्मार्कचा थॉर पेडरसन २०१३ ला निघाला आणि एकही विमान न घेता जगातले सगळे देश करून २०२३ ला घरी परतला. पण त्याच्याकडे डॅनिश पासपोर्ट होता, हे विसरून प्लॅन करू नये.

आता त्या पोरासाठी उरतं काय. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, सुनौलीवरून नेपाळ, तिथे व्हिसाचा प्रश्नच नाही. पुढे तिबेट, पण नेपाळकडून तिबेटात ग्रुप व्हिसानेच जाता येतं, ग्रुपने आत आणि ग्रुपनेच बाहेर, त्यामुळे तिथून पुढे चीन ओलांडायचाय हे एजन्सीशी आधी पक्कं करावं लागतं, आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिबेट परदेशी लोकांना बंदच असतो. जुलै २०२५ ला नेपाळ-तिबेट बॉर्डरवरचा रसुवागढीचा पूल पुरात वाहून गेला होता, त्यामुळे निघायच्या आधी तिथली परिस्थिती काठमांडूला फोन करून विचारायची. चीनने भारतीयांना टुरिस्ट व्हिसा त्याच जुलैपासून परत द्यायला सुरुवात केलीय. ल्हासाहून रेल्वेने उरुमचीच्या बाजूला, खोर्गोसवरून कझाकस्तान, तिथे भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही. मग रशियाचा दक्षिण भाग, काकेशसमधून जॉर्जिया, तुर्कस्तान, इस्तंबूलहून सोफियाची रात्रीची गाडी. यात सगळ्यात आधी काढायचा तो जर्मनीचा व्हिसा, कारण शेवटचा देश असला तरी तो पासपोर्टवर असला की तुर्कस्तान आणि जॉर्जिया दोन्ही सोपे होतात, आणि बाकीच्या तारखा त्याच्यावरून मागे मोजत यायच्या.