सरकारी खात्यांना माल विकायचाय? जेमवर उतरण्याआधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी. जेम ह्या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराची कामं करून देणाऱ्या आमच्या ऑफिसात येणारे बरेच जण खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, "जेमवर रजिस्ट्रेशन केलं की ऑर्डर किती दिवसात येते?" त्यांना आम्ही सांगतो ते इथे लिहून ठेवलंय. रजिस्ट्रेशन झालं म्हणजे बाजारात गाळा मिळाला, बस्स. गिऱ्हाईक येईल का, आलं तर भाव परवडेल का आणि पैसे कधी सुटतील, ह्या तिन्ही गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालं. त्याआधी केंद्र सरकारची खरेदी बघायला दिल्लीत डीजीएस अँड डी म्हणून इंग्रजांच्या काळापासूनचं जुनं खातं होतं, ते वस्तूंचे रेट कॉन्ट्रॅक्ट करायचं, म्हणजे सप्लायरशी भाव बांधून ठेवायचं, आणि बाकीची खाती त्या रेटने माल उचलायची. रेट कॉन्ट्रॅक्ट मिळवणं आपल्यासारख्या छोट्या माणसाला जवळपास अशक्य, फाईल घेऊन दिल्लीला कोण हेलपाटे घालणार. ते खातं 31 ऑक्टोबर 2017 ला बंद झालं. आपल्याकडेही उद्योग संचालनालयाखाली मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना होती, जुन्या सप्लायर लोकांना सीएसपीओ म्हटलं की लगेच आठवेल, तिचेही रेट कॉन्ट्रॅक्ट चालायचे. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही जेमवरून खरेदी करायचं ठरवलं. तरी राज्यातली मोठी टेंडरं महाटेंडर्स ह्या राज्याच्या पोर्टलवर निघतात आणि रेल्वेचं स्वतःचं पोर्टल आयआरईपीएस आहेच, त्यामुळे "सगळं जेमवरच असतं" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

केंद्राच्या खात्यांना मात्र सुटका नाही. सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 149 सांगतो की जी वस्तू किंवा सेवा जेमवर मिळते ती जेमवरूनच घ्यायची. म्हणजे तुमच्या जिल्ह्यातलं नवोदय विद्यालय, केंद्रीय विद्यालय, पोस्टाचं ऑफिस, ही सगळी गिऱ्हाईकं तिथेच सापडणार.

आता खरेदी होते कशी ते बघू. 50 हजारापर्यंत ऑफिसर कुठल्याही सेलरकडून थेट घेऊ शकतो, फक्त क्वालिटी, स्पेसिफिकेशन आणि डिलिव्हरीची मुदत जुळली पाहिजे. 50 हजार ते 10 लाखापर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांचा माल तुलनेला घेऊन त्यातला सगळ्यात स्वस्त, म्हणजे एल-वन, निवडायचा. 10 लाखाच्या वर बिड म्हणजे ऑनलाइन टेंडर, किंवा रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे सेलर एकमेकांपेक्षा रेट खाली आणत जातात तो उलटा लिलाव. आधी ह्या मर्यादा 25 हजार आणि 5 लाख होत्या, 2024 मध्ये वाढवल्या, त्यामुळे यूट्यूबवर जुना व्हिडिओ बघून आलेले लोक आमच्याशी वाद घालतात. नव्या सेलरने सुरुवात 50 हजाराच्या आतल्या ऑर्डरींपासून करावी असं आमचं स्पष्ट मत आहे, त्यात अनामत नाही, टर्नओव्हरची अट नाही, आणि दोनचार ऑर्डरी नीट पोचवल्या की रेटिंगही तयार होतं.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर काही फायदे खरोखर मिळतात. 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25% माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यातला 4% अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि 3% महिलांकडून. समजा एका मोठ्या कंपनीचा रेट 100 रुपये आला आणि तुमचा 112, तर तुम्ही सगळ्यात कमी रेटच्या 15% च्या आत आहात, म्हणून तुम्हाला विचारलं जातं की 100 ला देता का, हो म्हणालात तर तुमच्या वाट्याला काही माल येतो. बयाणा रक्कम म्हणजे ईएमडी माफ असते. पण ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे ऑर्डर नीट पुरी करण्याची हमी रक्कम, माफ नसते बरं का, इथे लोक हमखास फसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे फायदे माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहेत. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या ट्रेडरकडे उद्यम सर्टिफिकेट असलं तरी ही सवलत मिळत नाही.

बिडचा कागद वाचायला शिका. पहिल्याच पानांवर एक ओळ असते, अनुभव आणि टर्नओव्हरमधून एमएसईला म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाला सूट आहे का, समोर हो किंवा नाही. "नाही" असेल आणि तुमचं तीन वर्षांचं टर्नओव्हर बसत नसेल तर पुढचं वाचूच नका, रात्र वाया जाईल. मग खाली बायरने स्वतः घातलेल्या अटी असतात, ज्याला सगळे एटीसी म्हणतात. सगळी गंमत तिथे. सॅम्पल आधी जमा करा, इन्स्टॉलेशन तुमच्याकडून, अमुक लॅबचा टेस्ट रिपोर्ट जोडा, सर्व्हिस सेंटर त्याच जिल्ह्यात हवं, असलं काय काय तिथे लपलेलं असतं. एखादी अट मुद्दाम कुणाच्या सोयीची वाटली तर बिड बंद व्हायच्या आत पोर्टलवरूनच बायरला लेखी विचारता येतं, फोनवर भांडून काही होत नाही.

रेट भरताना काय होतं ते एका उदाहरणाने दाखवतो. लोखंडी कपाट, दहा नग, माल पोचवायचा भामरागडला आणि तुमचं वर्कशॉप नागपुरात. तुम्ही 11,800 रेट टाकला. जेमवरचा रेट सगळं धरून असतो, म्हणजे त्यातला 18% जीएसटी गेला की उरले 10,000. कपाट बनवायला तुम्हाला पडलं 8,100. गाडीभाडं दहा कपाटांचं 9,000 धरलं तर नगामागे 900. उतरवून वरच्या मजल्यावर नेऊन लावायला नगामागे 100. राहिले 900 रुपये. त्यात पत्र्याचं पेमेंट तुम्ही आज केलेलं आणि सरकारचे पैसे दोन महिन्यांनी आले, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज चालूच. वर एखादं कपाट रस्त्यात चेपलं की संपलं. तरी लोक एल-वन व्हायच्या नादात रिव्हर्स ऑक्शनमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत अजून पाचशे खाली येतात! ऑक्शनला बसायच्या आधी खालचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि त्याच्या खाली जाऊ नका, मग समोरचा कितीही खाली जाऊ दे. कन्साइनीचा, म्हणजे माल ताब्यात घेणाऱ्याचा, पत्ताही नीट बघा, बायर पुण्याचा आणि माल पोचवायचा सहा जिल्ह्यांत, असंही असतं.

उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड, जास्तीत जास्त 10% पर्यंत. खात्याकडून उशीर झाला असेल, म्हणजे गोडाऊनला कुलूप किंवा साहेब रजेवर, तर त्याच दिवशी पोर्टलवर नोंद करा, मुदत वाढवून मागा. नंतर तोंडी सांगून दंड परत मिळत नाही.

पैशाचं गणित असं आहे की माल पोचल्यावर कन्साइनीने आधी तात्पुरती पोच द्यायची, मग माल तपासून दहा दिवसांत सीआरएसी म्हणजे माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट काढायचं, ज्याला सगळे क्रॅक म्हणतात, आणि क्रॅक निघाल्यापासून दहा दिवसांत पेमेंट. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात क्रॅक निघेपर्यंतच गाडी अडते, कारण माल उतरवून घेणारा स्टोअरकीपर वेगळा, लॉगिन असलेला साहेब वेगळा आणि डिजिटल सहीचं डोंगल तिसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून डिलिव्हरी चलनावर तारीख, सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचं पूर्ण नाव घेतल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, हे त्याला बजावून पाठवा, मालाचे फोटोही काढायला सांगा. करार अडीच लाखाच्या वर असेल तर सरकारी खातं 2% जीएसटी टीडीएस कापून पैसे देतं, ते बुडत नाहीत, जीएसटी पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरला येतात, फक्त तिथे जाऊन स्वीकारावे लागतात आणि नेमकं तेच राहून जातं. फारच अडलं तर छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006 आहे, 45 दिवसांच्या वर पैसे थकले की बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, त्यासाठी ऑनलाइन अर्ज होतो. हे शेवटचं हत्यार समजा, पहिल्या महिन्यात काढू नका.

एक कळकळीची विनंती. जेमचं लॉगिन स्वतःच्या मोबाईल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवरच काढा. एजंटने आपल्या ईमेलवर अकाउंट काढून दिलेले कितीतरी लोक आमच्याकडे येतात, एजंट फोन उचलत नाही आणि ह्यांच्या ऑर्डरी पडून. आम्हीही तुमचा पासवर्ड मागणार नाही, ओटीपी तुम्ही समोर बसूनच टाकायचा. जेमचं सेलर रजिस्ट्रेशन फुकट आहे, उद्यमही फुकट आहे. आम्ही पैसे घेतो ते कॅटलॉग बनवायचे, बिड वाचून द्यायचे आणि कागद चढवायचे, बिल मिळेल. "आतून सेटिंग" आम्ही करत नाही, त्यासाठी आलात तर चहा पिऊन जा.

औषधं आणि हॉस्पिटलच्या सामानाची कामंही आम्ही घेत नाही. राज्यात त्यासाठी 2023 च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण वेगळं झालंय, लायसन्सचे नियम वेगळे, तो विषय त्यातल्या माणसाकडेच न्यावा.

येताना पॅन, आधारला लिंक असलेला मोबाईल, जीएसटी आणि उद्यमचं सर्टिफिकेट, मागच्या तीन वर्षांची रिटर्न, कॅन्सल चेक आणि मालाचे स्वच्छ फोटो आणा. फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढा, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले दिसले की कॅटलॉग रिजेक्ट होतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.