कलम ६३चं प्रमाणपत्र: हार्ड डिस्कचा सिरियल नंबर कुठला लिहायचा?

सीसीटीव्ही फुटेज किंवा कॉल रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून कोर्टात द्यायचं असेल, तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. कायदा १ जुलै २०२४ला लागू झाला आणि नमुना त्याच्या अनुसूचीतच आहे, त्यामुळे आधीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ‘६५बी’चा जुना मसुदा कलम बदलून चालवू नका. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. सोबत हॅश रिपोर्ट, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाचा अहवाल, जोडायचा.

मेक, मॉडेल, रंग सगळे बिनचूक भरतात. अडतं ते सिरियल नंबरपाशी. नमुन्यात फक्त रकाना आहे. नंबर कुठून घ्यायचा याबद्दल एक अक्षर नाही, आणि विचारलं तर कोर्टाच्या खिडकीवर कुणी सांगत नाही. मग लोक विंडोजची ‘व्हॉल’ कमांड देऊन मिळणारा, मध्ये रेघ असलेला आठ अक्षरी क्रमांक लिहितात. तो डिस्कचा नंबरच नव्हे! तो फॉरमॅट करताना पडतो, पुन्हा फॉरमॅट केलं की बदलतो, आणि डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) काढला तर दोन्हीकडे तोच दिसतो. समोरच्या वकिलाला हरकत घ्यायला एवढं पुरतं. ‘ई ड्राइव्ह’ किंवा लिनक्समधलं ‘एसडीबी’ ही कॉम्प्युटरने दिलेली नावं तर लिहूच नका. आज जोडली तर एक, उद्या दुसरं.

हवा तो कारखान्यातून आलेला नंबर. विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘गेट-फिजिकलडिस्क’, लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ तो दाखवतं. मग डिस्कवरच्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, शून्य आणि ‘ओ’ विशेष करून. डिस्क यूएसबी डॉकमध्ये (सुटी डिस्क यूएसबीने जोडायच्या खोबणीत) घालून वाचत असाल तर सावध राहा: बऱ्याचदा दिसतो तो डॉकचा नंबर. लेबलशी जुळत नसेल तर डिस्क साटा केबलने थेट कॉम्प्युटरच्या मदरबोर्डला जोडा.

डीव्हीआरच्या (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या खोक्याच्या) बाबतीत दोन नंबर असतात, एक खोक्याच्या स्टिकरवर, दुसरा आतल्या हार्ड डिस्कवर. दोन्ही लिहा. स्वस्तातल्या काही पेन ड्राइव्हना स्वतःचा वेगळा नंबरच नसतो. कॉपी द्यायला असे घेऊ नका. मूळ पुरावाच तशा ड्राइव्हवर असेल, तर रकाना कोरा न सोडता तसं स्पष्ट लिहा.

आता सगळ्यात छळणारी गोष्ट: यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि तो भाग अ भरून देत नाही. सोसायटी, दुकानदार, सरकारी कार्यालय, सगळीकडे हेच. जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात, निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओंसाठी वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या ६५बीखाली प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं, पण ताबेदार नकार देत असेल तर न्यायाधीशांकडे अर्ज करून ते मागवता येतं, हेही सांगितलं. म्हणून मागणी लेखीच करा, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर ती पोच जोडून न्यायालयात अर्ज द्या.