थर्मिस्टरचं नाचणारं रीडिंग आणि ३.३ व्होल्टची ती वायर

गरम झाल्यावर रेझिस्टन्स कमी होतो हे सिल्व्हर सल्फाइडमधे १८३३ सालीच दिसलं होतं, आणि गंमत म्हणजे आपण ज्याला व्हीटस्टन ब्रिज म्हणतो (रेझिस्टरच्या गुणोत्तरांची तुलना करणारं सर्किट) तोही त्याच वर्षी पहिल्यांदा मांडला गेला. बाजारात थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, यायला मात्र पुढे शंभरेक वर्षं लागली. मायक्रोकंट्रोलर येण्याआधी तो ब्रिजमधे लावायचे, म्हणजे सप्लाय जरा इकडे तिकडे झाली तरी बॅलन्स ढळायचा नाही, सगळा मामला गुणोत्तराचा. बाकी जुना इतिहास सोडून देऊ.

नॉइजची, म्हणजे रीडिंग उगाच हलण्याची, खरी बोंब सुरू झाली २००५ नंतर, आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड हौशी लोकांच्या हातात गेल्यावर. त्याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे ० ते १०२३ काउंट, ५ व्होल्टला एक काउंट म्हणजे ४.९ मिलिव्होल्ट. सप्लाय आणि ग्राउंडच्या मधे १०केचा (१० किलोओहम) थर्मिस्टर आणि १०केचाच रेझिस्टर एकामागे एक, म्हणजे डिव्हायडर, धरला तर २५ डिग्रीच्या आसपास एक काउंट साधारण ०.०९ डिग्रीचा, त्यामुळे दोनतीन काउंट हलले की स्क्रीनवर २७.१, २७.३, २७.० असा नाच चालू. शिव्या थर्मिस्टरला, पण त्याचा स्वतःचा नॉइज मायक्रोव्होल्टमधे, तो या एडीसीला दिसतच नाही. दिसतो तो यूएसबीच्या ५ व्होल्टवरचा कचरा, रिलेचा करंट ज्या ग्राउंड वायरने परत येतो तिच्यावरचा ड्रॉप, आणि लांब वायरने उचललेलं मेन्सचं ५० हर्ट्झ.

मग तो प्रसिद्ध तोडगा आला: बोर्डाचा ३.३ व्होल्ट एआरईएफ पिनला जोडा (एडीसी ज्या व्होल्टेजशी तुलना करतो तो रेफरन्स बाहेरून द्यायची पिन). मूळ सल्ला असा होता की डिव्हायडरचं वरचं टोकही त्याच ३.३ वर न्यायचं. कॉपी होता होता अर्धाच सल्ला उरला, वायर एआरईएफला गेली आणि डिव्हायडर ५ वरच राहिला! आता ५ व्होल्टचा सगळा कचरा थेट रीडिंगमधे, वर थर्मिस्टर खालच्या बाजूला असेल तर ११ डिग्रीच्या खाली पिनवर ३.३ पेक्षा जास्त व्होल्टेज, म्हणजे सेन्सर फ्रिजमधे ठेवला की रीडिंग १०२३ वर चिकटलं. शिवाय कोडमधे रेफरन्स एक्स्टर्नल करायच्या आधी रीड मारला तर आतला रेफरन्स आणि बाहेरचा ३.३ एकमेकांना शॉर्ट, ते वेगळंच.

याउलट दुसरा गट म्हणायचा ३.३ ची गरजच नाही, डिफॉल्टला रेफरन्सही ५ आणि डिव्हायडरही ५, गुणोत्तरात सप्लायचा चढउतार आपोआप कटतो. हे हळू बदलांपुरतं खरंच आहे. पण आर्डुइनो ऊनो बोर्डावर एआरईएफला १०० नॅनोचा कॅपेसिटर आहे, डिव्हायडरला काहीच नाही, त्यामुळे झटकन येणारा स्पाइक एका बाजूला दाबला जातो, दुसरीकडे तसाच घुसतो, कटत नाही. माझं मत विचाराल तर ३.३ चालतो, सेल्फ हीटिंगही (करंटमुळे थर्मिस्टर स्वतःच तापणं) निम्म्याहून कमी होतं, पण काम करतं ते रेफरन्स आणि डिव्हायडर दोन्ही एकाच सप्लायवर असणं, ३.३ हा आकडा नव्हे.

थ्रीडी प्रिंटरवाल्यांनी या वादात वेळ घालवला नाही, १००केचा थर्मिस्टर, ४.७केचा पुलअप (सप्लायच्या बाजूचा रेझिस्टर), १० मायक्रोचा कॅपेसिटर आणि फर्मवेअरमधे १६ सॅम्पलची बेरीज, झालं काम. सरासरीत एक मेख आहे, सलग १० रीड एका मिलिसेकंदात उरकतात, आणि ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही लाटेच्या एकाच तुकड्याची सरासरी काढताय. सॅम्पल १०० मिलिसेकंदांवर पसरले की ५० आणि ६० दोन्ही हर्ट्झ जातात, मग अमेरिकेतल्या कुणी लिहिलेला कोडही इथे चालतो.

ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर आल्यावर घोळ परत सुरू. एडीसी १२ बिटचा, ऐकायला भारी, पण रेफरन्स आत, नावाला १.१ व्होल्ट, प्रत्येक चिपमधे १.० ते १.२ काहीही, आणि बाहेरून रेफरन्स द्यायची सोयच नाही. म्हणजे गुणोत्तराची युक्ती हार्डवेअरमधे गेलीच. लोक एडीएस१११५ या १६ बिटच्या वेगळ्या एडीसी चिपकडे वळले, त्याचाही रेफरन्स आतलाच, पण चॅनेल चार आहेत, म्हणून एकावर थर्मिस्टर, दुसऱ्यावर डिव्हायडरची ३.३ व्होल्ट सप्लाय मोजतात आणि भागाकार कोडमधे करतात.