बेंगाल आणि वाघाटी: माणसाळलेलं ते पाळीव नव्हे

गळिताचा हंगाम सुरू झाला की माझ्या फोनवर पिल्लांचे फोटो यायला लागतात. वाळव्याहून, शिराळ्याहून, कधी कराडच्या बाजूनं. उसाची तोड चालू असते, पाचटाखाली दोन-तीन पिल्लं सापडतात, टोळीतला कुणीतरी ती उचलून बांधावर आणतो आणि शेतमालकाला आठवतं, की सांगलीत विश्रामबागला एकाच्या घरी असलंच ठिपक्यांचं मांजर आहे. मग मेसेज येतो: "दादा, तुमच्या बेंगालचीच जात हाय न्हवं ही? पाळावं म्हणतोय."

न्हवं. तुमच्या बांधावर आहे ती वाघाटी, म्हणजे इवलंसं रानमांजर; माझ्या सोफ्यावर आहे ते बेंगाल, घरात पाळायची संकरित जात. साम्य ठिपक्यांचं. तेवढ्यावर सोयरीक जुळवायची तर चितळालाही घरात घ्यावं लागेल.

घोटाळा उलट्या बाजूनंही होतो. आमचा ठिपक्या एकदा जाळी सरकवून गच्चीवर गेला, तर पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी थेट वनखात्याला फोन लावला, "बिबट्याचं पिल्लू आलंय." खात्याचा माणूस हातमोजे घालून आला. ठिपक्यानं त्याच्या पायाला अंग घासलं आणि त्याच्या बुटाची नाडी चावत बसला. तो माणूस चहा पिऊन, दोन फोटो काढून गेला.

बेंगाल तुम्ही रील्समध्ये पोटभर पाहिलंय, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. आशियाई बिबळ्या मांजर आणि घरगुती मांजर यांच्या संकरातून निघालेली ही जात. अमेरिकेत जीन मिल यांनी १९६३ साली पहिला संकर केला, पण काम खरं मार्गी लागलं ते १९८०च्या दशकात. त्याच सुमारास त्यांनी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला एक ठिपकेदार गावठी बोकाही अमेरिकेला नेला आणि या जातीत वापरला. म्हणजे तुमच्या हजारो रुपयांच्या बेंगालमध्ये दिल्लीच्या उकिरड्यावरचं रक्त आहे. मला ही गोष्ट फार आवडते. आणि नावावरून कृपा करून कोलकात्याला जाऊ नका. 'बेंगाल' हे रानटी पूर्वजाच्या 'बेंगालेन्सिस' या शास्त्रीय नावावरून आलंय, मांजर कॅलिफोर्नियाचं आहे.

वाघाटी तिथून फार लांब. ही संकर नाही, माणसानं घडवलेली नाही. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून जगात कुठंच नाही. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची, म्हणजे घरच्या मांजराच्या निम्मीसुद्धा नाही. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक आपल्या उसात पिल्लं घालते आणि आपण तिला मोठ्या मांजराचं पोर समजतो. नावाचाही गोंधळ आहेच. घाटाकडं अंगावर ठिपके असलेल्या कुठल्याही रानमांजराला वाघाटीच म्हणतात, बिबळ्या मांजरालाही. शिवाय आषाढी द्वादशीला उपास सोडताना भाजी करतात ती वाघाटी वेगळी, ती वेल. (आमच्या आजीला मी पहिल्यांदा "वाघाटी सापडली" असं सांगितलं तेव्हा तिनं "किती आणलीस?" असं विचारलं होतं.)

ओळखायची खूण? शेपटी बघा. वाघाटीची शेपटी बहुतेक सपाट रंगाची, ठिपके अंगावर आणि तेही गंजलेल्या लोखंडासारखे तांबूस. बेंगालच्या शेपटीवर कडी असतात, टोक काळं आणि अंगावरचे ठिपके चांगल्या प्रतीच्या मांजरात फुलासारखे, कडेला गडद, आत फिकट. बिबळ्या मांजराच्या कानामागं काळ्यावर पांढरा ठिपका असतो. झालं. पण खुणा पाठ करून फायदा नाही, कारण लोक अडतात ते इथं नाही. शिराळ्याच्या बांधावर वाघाटी ओळखूनही माणूस म्हणतोच, "असू दे रानातली. लहानपणापासून सांभाळली की होईल की पाळीव."

सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

मराठीत दोन शब्द आहेत, माणसाळलेलं आणि पाळीव. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. माणसाळतो तो एक प्राणी, त्याच्या एका जन्मात. पाळीव असतो तो वंश. वाघाटीचं पिल्लू डोळे उघडायच्या आत उचललं, ड्रॉपरनं दूध पाजलं, कुशीत झोपवलं, तर ते माणसाळेल. चार-पाच महिने तर असं गोड वागेल की बेंगाल झक मारेल. पण त्याच्या आत काही बदललेलं नसतं. वयात आलं की ते वाघाटीच होतं. त्याला इलाका हवा, रात्र हवी, आणि तुमचा हात त्याच्या इलाक्यात आलेला हात असतो.

शिराळ्याच्या लोकांना हे मी वेगळ्यानं का समजावू? नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी जिवंत नाग हाताळले, पुढं कोर्टानं बंदी आणेपर्यंत. पण नाग पाळीव झाला असं एकही शिराळकर कधी म्हणाला नाही. मांजराच्या बाबतीत मात्र अक्कल गहाण पडते. केसाळ आहे, डोळे मोठे आहेत, बास.

पाळीव होणं म्हणजे काय, याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा सैबेरियातला. नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. कोल्ह्यांना शिकवलं नाही, कुरवाळून लळा लावला नाही. प्रत्येक पिढीत माणसाला सगळ्यांत कमी बुजणारे तेवढे निवडले आणि त्यांचीच पैदास केली, बाकीचे वगळले. काही पिढ्यांत शेपटी हलवत माणसाजवळ येणारी पिल्लं जन्माला यायला लागली. जन्मालाच. लळा लावून जे होत नाही, ते निवडीनं झालं. घरच्या मांजराचंही तसंच, फक्त फार सावकाश. आफ्रिकी रानमांजरापासून ते आलं आणि सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. एवढी वर्षं ज्यामागं आहेत, ते तुम्ही एका हंगामात ड्रॉपरनं करणार?

आता बेंगालवाल्यांकडं वळतो, कारण तेही याच खड्ड्यात पडतात, फक्त दुसऱ्या काठावरून. बेंगालमध्ये रानटी रक्त आहेच. किती, ते पिढीवर. विक्रेते 'एफ-वन, एफ-टू' असं इंग्रजीत बोलून गिऱ्हाइकाला दिपवतात, म्हणून आपल्या नात्यांत सांगतो. एफ-वन म्हणजे आई किंवा बाप रानटी. एफ-टू म्हणजे आजा रानटी. एफ-थ्री म्हणजे पणजा, एफ-फोर म्हणजे खापरपणजा. हिशेबानं रानटी वाटा निम्मा, पाव, आठवा, सोळावा असा उतरत जातो. पहिल्या तीन पिढ्या पैदाशीच्या पायासाठी. आंतरराष्ट्रीय मांजर संघटना 'टिका' चौथ्या पिढीपासून पुढच्याच मांजरांना प्रदर्शनात घेते. वन्यजीव व्यापाराचा 'साइट्स' करारही संकराच्या मागच्या चार पिढ्यांत रानटी पूर्वज असेल तर त्याला साधारणपणे रानटी प्राण्याचेच नियम लावतो. घरात ठेवायचं बेंगाल म्हणजे ज्याच्या खापरपणज्याच्याही पलीकडं रान आहे असं. आणि मधल्या प्रत्येक पिढीत शांत स्वभावाचीच निवडलेली. कोल्ह्यांचंच गणित.

म्हणून "फुल वाइल्ड ब्लड" असं सांगून पिल्लू विकणाऱ्याचं तोंड बघू नये, या मताचा मी आहे. मला एकानं एफ-वनचा बोका दाखवला होता आणि वर, "याच्यापासून तीन वेळा पिल्लं झालीत." पहिल्या तीन पिढ्यांतले बोके बहुतेक वांझ असतात, संकराचा तो जुना नियमच आहे. म्हणजे एकतर बोका एफ-वन नव्हता किंवा पिल्लं त्याची नव्हती. मी काही न बोलता उठलो.

आणखी एक चीड. "जंगली दिसतं, म्हणून कच्चं मटण घालतो." बेंगालचं पोट मांजराचंच आहे. चांगलं मांसाहारी मांजरखाद्य, पाणी, वेळेवर लस. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लस चुकवू नका, त्यात पिल्लं दोन दिवसांत जातात. विकत घेताना आईबापांच्या दोन आनुवंशिक चाचण्या मागा, पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेची (यात मांजराचं रक्त कमी होत जातं) आणि डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची. विक्रेत्यानं "ते काय असतं?" असं विचारलं की पाय काढता घ्या. नसबंदी करा. बाकी ठिपक्या नळ उघडतो, फ्रीजवर झोपतो, पहाटे चारला गळा काढतो आणि संडासच्या बादलीत पाय घालून बसतो. हे सगळं सोसण्यासारखं आहे. मोकळा मात्र सोडायचा नाही. गावाकडं नेला तर उसात शिरून पाखरं मारेल आणि आपले रोग रानमांजरांना देऊन येईल.

वारणेकाठच्या एका गावात मी एक वाढवलेली वाघाटी पाहिली आहे. आठ महिन्यांची. कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलेली, कारण घरात ठेवायची सोय उरली नव्हती. मी बोट जाळीपासून वीतभर लांब धरलं, तरी तिनं कान असे चापून घेतले की डोकं चेंडूसारखं गोल दिसायला लागलं. आणि थुंकली. फुसकारली नाही, खरंच थुंकली. तिला वाढवणारे आबा बाजूला उभे होते, मनगटावर चार ओरखडे, त्यातला एक पिकलेला. "बाटलीनं दूध पाजलंय ओ मी हिला," ते म्हणाले. "रात्री दोनला उठून. आता ओळख दाखवत न्हाई." त्यांना रडू येईल असं वाटलं मला. ती ओळखत होती त्यांना, म्हणूनच त्यांनी घातलेलं खात होती. पण ओळखणं निराळं आणि घरचं होणं निराळं, हे तिथं उभं राहून सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांनी पुढं वनखात्याला दिली. आईकडून शिकार न शिकलेली ती, तिला रानात सोडायचं तरी कसं?

म्हणून पिल्लू दिसलं की पहिला तास महत्त्वाचा. गेल्या हंगामात चुलत्यांच्या रानात दोन निघाली. एकेक मुठीत मावेल एवढं, डोळे नुकते उघडलेले, पाचटाच्या रंगात असं मिसळलेलं की मुकादमाचा पाय पडायचा राहिला. चुलत्यांनी शहाणपणा केला, तेवढ्या चार सऱ्यांची तोड थांबवली आणि मला फोन केला. मी खात्याला. माणसं आली, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट नेमक्या त्याच जागी ठेवला, थोडं आडवं करून, समोर कॅमेरा. आम्ही लांब, गाडीत, काचा वर. चुलत बहिणीला सारखं वाटत होतं, त्यांना भूक लागली असेल, थोडं गाईचं दूध देऊ या. गाईच्या दुधानं हगवण लागते, सांगून सांगून मी थकलो. रात्री उशिरा आई आली. कॅमेऱ्यात फक्त पाठ आणि ती सपाट शेपटी. पहिलं मानेला धरून नेलं, थोड्या वेळानं दुसरं. पहाटे चुलते क्रेट आणायला गेले, तर आत उंदराचं शेपूट पडलेलं. "डबा ठेवून गेली," म्हणाले.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो, कारण त्यात वाद नाही. वाघाटी आणि बिबळ्या मांजर दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणं, पाळणं, विकणं याला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि २५ हजारांपासून पुढं दंड. "मी वाचवलं" हे उत्तर तिथं चालत नाही, घरात महिनाभर ठेवल्यावर तर नाहीच.

परवा कवठेमहांकाळच्या बाजूनं एक फोटो आला. "दादा, हे बेंगाल का वाघाटी?" लांब नाक, लांब शेपूट, गोठ्याच्या आढ्यावर बसलेलं. उदमांजर. दोन्हीपैकी एकही नाही, मांजरसुद्धा नाही. मी फक्त १९२६ हा वनखात्याचा नंबर पाठवला.