मेक्सिको सिटी : सरोवराच्या गाळावरची राजधानी

१९ सप्टेंबर १९८५ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास मेक्सिको सिटी हादरली. भूकंप ८.० तीव्रतेचा होता, पण केंद्र साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याशी. तिथे कोकोस भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो. एवढ्या अंतरात भूकंपलहरींचा जोर ओसरतो, आणि तो ओसरलाही होता. शहराच्या दक्षिणेला लाव्हाच्या खडकावर उभ्या असलेल्या विद्यापीठात फारशी पडझड झाली नाही. मध्यवर्ती भागात मात्र शेकडो इमारती कोसळल्या, हजारो माणसं गेली.

हा फरक जमिनीने केला. अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान टेक्सकोको सरोवरातल्या बेटावर होती. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली, पुढच्या शतकांत सरोवर आटवलं आणि त्याच्या तळावर शहर पसरलं. खालची चिकणमाती इतकी पाणथळ, की कोरड्या मातीच्या वजनाच्या कित्येक पट पाणी तिच्यात आहे. मध्यभागी हा थर तीसचाळीस मीटर जाडीचा. धक्का बसला की तो साधारण दोन सेकंदांच्या लयीत हेलकावतो, आणि १९८५ च्या लहरींमध्ये नेमकी हीच लय भरपूर होती. झोका परत येताना दर वेळी ढकलावा, तसे हेलकावे वाढत गेले. गाळावरच्या एका यंत्राने विद्यापीठातल्या खडकाच्या जवळपास पाचपट त्वरण नोंदवलं.

प्रत्येक इमारतीलाही स्वतःची लय असते. ठोकळ हिशोबाने दहा मजल्यांमागे एक सेकंद. मग वीस मजली इमारती आधी पडायला हव्या होत्या, पण जास्त फटका बसला सहा ते पंधरा मजल्यांना. मला या भूकंपातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते: भिंती आणि खांब तडकले की इमारत ढिली पडते, तिची लय लांबते, आणि ती गाळाच्या लयीला जाऊन मिळते. पहिलं नुकसानच पुढच्या नुकसानाची वाट मोकळी करतं. बसकी जुनी घरं पुष्कळशी वाचली. १९५६ चा ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना मनोराही उभा राहिला. त्याची लय दोन सेकंदांहून बरीच संथ आहे, आणि पाया खोल, घट्ट थरापर्यंत गेलेला.

अंतराचा एक फायदा शहराने पुढे करून घेतला. रेडिओ संदेश भूकंपलहरींच्या कितीतरी पुढे धावतो, म्हणून १९९१ पासून किनाऱ्यावरचे संवेदक इशारा देतात आणि लांबच्या भूकंपात लोकांना मिनिटभर तरी मिळतं. पण २०१७ चा ७.१ तीव्रतेचा भूकंप, पुन्हा १९ सप्टेंबरलाच, शहरापासून जेमतेम १२० किलोमीटरवर झाला. भोंगे वाजले तेव्हा जमीन हलू लागलीच होती. त्याच्या लहरीही जलद लयीच्या होत्या, त्यामुळे या खेपेला गाळ जिथे पातळ आहे तिथल्या, कमी उंचीच्या इमारती पडल्या.