कॉफीचं मशीन निवडताना आधी नळाचं पाणी बघा

आमच्या ऑफिसात नवं कॉफी मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा निवड करणाऱ्या चौघांत मी होतो. जुनं मशीन तीन वर्षांतच बसलं होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ते उघडलं, तर पाणी तापवणाऱ्या नळीतून पांढऱ्या खपल्या बाहेर पडल्या. गिझरच्या कॉइलवर जमतात अगदी तशाच. मशीनमध्ये काही दोष नव्हता. आम्ही तीन वर्षं त्याला टँकरचं पाणी पाजत होतो. तेव्हापासून मला कुणी 'ऑफिससाठी कोणतं मशीन घेऊ?' असं विचारलं की मी आधी विचारतो, 'तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?'

पुण्यातल्या दोन ऑफिसांचंच बघा. एकाला महापालिकेचं पाणी येतं, म्हणजे खडकवासला साखळीतल्या धरणांचं. सह्याद्रीत पडलेला पाऊस काळ्या बेसाल्टवरून वाहत धरणात येतो, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. दुसरं ऑफिस शहराच्या कडेला आहे. तिथे बोअरचं पाणी येतं नाहीतर टँकर येतो. हे पाणी खडकाच्या भेगांमधून मुरत, कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम गोळा करत खाली गेलेलं असतं. शाळेत ज्याला 'दुष्फेन पाणी' म्हणायचे, साबणाला नीट फेस येऊ न देणारं, ते हेच. दोन्ही ऑफिसांनी एकाच दिवशी एकच मॉडेल घेतलं, तरी दोन वर्षांनी ती दोन वेगळी मशीन झालेली असतील.

याचं कारण रसायनशास्त्रात आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे आपण रोज बघतो. कॅल्शिअम कार्बोनेटचं उलट आहे. पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे खडूसारखा पांढरा थर उरतो. तो सगळ्यात आधी जमतो तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे नेमका हीटरच्या अंगावर. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. मग हीटर जास्त तापतो, पाणी मात्र कमी तापतं आणि बारीक नळ्या हळूहळू बुजत जातात.

आकडा मांडून बघू. पन्नास जणांचं ऑफिस, प्रत्येकी दोन कप, कपामागे १५० मिली पाणी. रोजचे १५ लिटर झाले. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातले कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार, लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर रोज साडेचार ग्रॅम क्षार मशीनमधून जातात. कामाच्या २५० दिवसांत एक किलोहून जास्त. त्यातला दहावा भाग जरी आत चिकटला, तरी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळीत शंभर ग्रॅमहून अधिक दगड बसला.

बरेच जण इथे टीडीएस मीटर बुडवतात आणि आकड्यावर समाधान मानतात. तो मीटर पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा अंदाज देतो. त्यात साधं मीठही आलं, आणि मिठाचा असा थर बसत नाही. आपल्याला हवा असतो तो कठीणपणा. तो मोजायच्या कागदी पट्ट्या आणि थेंबांचे किट मिळतात. पाच मिनिटांचं काम आहे. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की ते पुन्हा करायला हवं.

मग सरळ आरओ लावून मोकळं का होऊ नये? कारण कॉफीला थोडे क्षार हवे असतात. कॅल्शिअम आणि विशेषतः मॅग्नेशिअम यांचा कॉफीतल्या चवीच्या रेणूंशी संबंध येतो, तर बायकार्बोनेट तिच्यातला आंबटपणा शमवतं. अगदी कोऱ्या पाण्यातली कॉफी पोकळ लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन ही संस्था लिटरला साधारण १५० मिलिग्रॅम टीडीएस असलेलं पाणी सुचवते आणि ७५ ते २५० ही मर्यादा चालवून घेते. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. बऱ्याच मशीनमध्ये बॉयलर भरला की नाही हे कळायला धातूची एक सळई असते. पाणी तिला टेकलं की त्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह वाहतो आणि मशीनला पातळी समजते. क्षारच नसलेलं पाणी वीज नीट वाहून नेत नाही. त्यामुळे टाकी भरलेली असूनही 'पाणी भरा' असा दिवा लागत राहतो. आरओ असेलच, तर त्यात थोडं मूळ पाणी मिसळणारा व्हॉल्व बसवून घ्यावा. नाहीतर मशीनच्या आधी क्षार शोषणारं फिल्टर काडतूस लावावं आणि ते किती लिटरनंतर बदलायचं ते तुमच्या पाण्याच्या कठीणपणावरून ठरवावं.

आता मशीनच्या पोटात डोकावू. ज्यांना बाजारात 'बीन टू कप' म्हणतात, ती मशीन बटण दाबल्यावर बिया दळतात, पूड एका डबीत दाबून बसवतात, तिच्यातून दाबाखाली गरम पाणी सोडतात आणि चोथा खालच्या खणात टाकतात. या सगळ्या पायऱ्या गाठायला माणसाला शंभरएक वर्षं लागली. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोने वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट १८८४ मध्ये घेतलं. नुसत्या वाफेचा दाब कमी पडत होता. १९४० च्या दशकात मिलानच्या अकिले गाज्जाने दट्ट्या वापरून तो वाढवला आणि कपावर तो सोनेरी फेस, क्रेमा, दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात हाताच्या जागी विजेचा पंप आला आणि नऊ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊ पट, हे एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाखाली काढलेल्या कॉफीचं, माप पक्कं झालं. म्हणून खोक्यावर ठळक छापलेल्या '१५ बार' किंवा '१९ बार' या आकड्यावर मी निर्णय घेत नाही. पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो, एवढंच तो सांगतो. पुडीवर पडायला हवेत नऊच्या आसपास.

चवीचा खरा निकाल दळण्यात लागतो. भाजलेल्या बीचा तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग पाण्यात विरघळू शकतो, पण आपल्याला त्यातला सगळा नको असतो. १८ ते २२ टक्के विरघळला की कप जमतो. आंबट पदार्थ आधी सुटतात, गोडवा नंतर येतो, कडवट आणि तुरट पदार्थ शेवटी. पूड जाडी-बारीक मिसळलेली असली, तर बारीक कणांतून कडवटपणा उतरतो, जाड कणांतून नुसता आंबटपणा येतो आणि दोन्ही दोष एकाच कपात पडतात. चांगल्या मशीनमधला ग्राइंडर म्हणजे आपलं जातंच असतं. दोन दातेरी चकत्या, आणि त्यांच्यातल्या फटीवरून दळण किती बारीक ते ठरतं. मिक्सरच्या पात्याने ते साधत नाही. जातं गुळगुळीत झालं की आपल्या आज्या त्याला टाकी लावून घेत, म्हणजे छिन्नीने ते पुन्हा खडबडीत करून घेत. ग्राइंडरच्या चकत्याही अशाच झिजतात. त्या किती किलो बियांनंतर बदलायच्या आणि केवढ्याला पडतात, हे मशीन घेण्याआधीच विचारावं. तेलकट, काळ्याभोर भाजलेल्या बिया हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या बिया ठेवायच्या डब्यात, चिकटून राहतात, म्हणून मध्यम भाजणीच्या घ्याव्यात. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी आवडणाऱ्यांना या मशीनमध्ये ती चव मिळणार नाही. ती पूड असते आणि बियांच्या हॉपरमध्ये घालायची नसते. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, हेही दुपारी चारनंतर कप घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पण ऑफिसातली खरी तक्रार चवीची क्वचितच असते. ती असते रांगेची. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं असायचं. दूरच्या खोल्यांतल्या लोकांनी जिने चढून यावं आणि भांडं रिकामं दिसावं, हे नेहमीचं. १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र आपापल्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कॉफीसाठी ताटकळणं माणसाला किती लागतं, ते यावरून समजावं.

रांगेचं गणित मांडलं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अॅग्नर एरलांग यांनी. फोनच्या तारांवर कॉल किती खोळंबतील, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांचा पहिला लेख १९०९ चा आहे. तेच गणित पॅन्ट्रीला लावू. एका कापुचिनोला ४५ सेकंद लागतात, म्हणजे तासाला जास्तीत जास्त ८० कप. तासाला ४० माणसं आपापल्या वेळी आली, तर प्रत्येकाला सरासरी २२-२३ सेकंद थांबावं लागतं. ६४ आली तर दीड मिनिट. ७२ आली तर साडेतीन मिनिटांच्या जवळ. ७६ आली तर सात मिनिटांहून जास्त. शेवटच्या चार माणसांनी थांबणं दुप्पट केलं! आणि सकाळची मीटिंग सुटल्यावर वीस जण एकदम आले, तर हे गणितही तोकडं पडतं. तेव्हा विसाव्या माणसाला सव्वाचौदा मिनिटं उभं राहावं लागेल. 'दिवसाला १५० कप' या दाव्याचा म्हणूनच फारसा उपयोग होत नाही. तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यात गर्दीच्या अर्ध्या तासात किती कप लागतात, ते दोन दिवस पॅन्ट्रीत बसून मोजा. बऱ्याचदा एका मोठ्या मशीनपेक्षा दोन मध्यम मशीन बरी पडतात. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं.

दुधाशी आपलं नातं जुनं आहे. घरी जायफळ घालून केलेली कॉफी म्हणजे मुळात दूधच. ऑफिसात दोन पर्याय असतात, प्रीमिक्सची पावडर किंवा ताजं दूध. ताज्या दुधाचा फेस त्यातल्या प्रथिनांमुळे टिकतो. ती बुडबुड्याभोवती पापुद्रा धरतात. दूध ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की ते गोड लागतं आणि फेस मऊ येतो. ७० च्या पुढे गेलं की उकळल्या दुधाचा वास येऊ लागतो. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो आणि त्याला फेस छान धरतो.

मात्र ताजं दूध घ्यायचं, तर स्वच्छतेची तयारी हवी. इथे मला तडजोड मान्य नाही. मशीनमधली दुधाची नळी बोटाहून बारीक असते आणि प्रत्येक कपानंतर तिच्यात थोडं कोमट दूध राहतं. आपोआप होणाऱ्या पाण्याच्या धुण्याने प्रथिनं आणि स्निग्धांश पूर्ण निघत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी न धुतलेली नळी सोमवारी उघडल्यावर जो वास आला होता, तो मी अजून विसरलेलो नाही. रोज द्रावणाने नळी धुणं ज्यांना शक्य नाही, त्यांनी दूध पावडरचं मशीन घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. खालच्या ठिबक-तबकाकडेही लक्ष हवं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॅप्सूल मशीनच्या तबकात साचलेलं पाणी तपासलं, तेव्हा कॅफीन असूनही त्यात जिवाणूंच्या कितीतरी प्रजाती सुखाने वाढलेल्या आढळल्या.

साफ करायचा मळ तीन तऱ्हेचा असतो. क्षारांच्या थराला आम्ल लागतं. डिस्केलिंगच्या, म्हणजे हा थर काढायच्या, द्रावणात सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल असतं, आणि सायट्रिक म्हणजे आपलं ढोकळ्यातलं लिंबूफूलच. कॉफीच्या तेलकट थराला अल्कधर्मी गोळ्या लागतात. दुधासाठी द्रावण तिसरं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

विजेचा एक छोटा हिशेब. १५० मिली पाणी २५ अंशांवरून ९३ वर न्यायला सुमारे ०.०१२ युनिट लागतं. मशीन रात्री चालूच राहिलं आणि आतलं पाणी गरम ठेवायला सरासरी ५० वॅट घेत असलं, तर १४ तासांत ०.७ युनिट जातं. म्हणजे जवळपास साठ कपांची उष्णता रिकाम्या ऑफिसात गेली. ठरलेल्या वेळी आपोआप बंद-चालू होण्याची सोय मला रंगीत स्क्रीनपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

आम्ही शेवटी दोन मशीनांचा डेमो मागवला. बाटलीतलं पाणी वापरू दिलं नाही, ऑफिसातलंच दिलं. लागोपाठ वीस कप काढले आणि पहिल्या, दहाव्या, विसाव्या कपात थर्मामीटर बुडवला. एका मशीनचा विसावा कप पहिल्यापेक्षा बराच गार निघाला. मग पॅन्ट्री सांभाळणाऱ्या दादांना बोलावलं, कारण रोज त्या मशीनशी गाठ त्यांचीच पडणार होती. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की आतला ब्रू युनिट, म्हणजे जिथे पूड दाबली जाते तो भाग, काढून धुवून परत बसवा. पहिल्या मशीनला स्क्रूड्रायव्हर लागला. ते मशीन विकणारा माणूस म्हणाला, 'त्याची काळजी नको, आमचा माणूस तीन महिन्यांनी येऊन करतो.' दुसऱ्या मशीनचं दार दादांनी उघडलं, खटका दाबला, युनिट बाहेर काढून नळाखाली धरलं आणि पुसून परत बसवलं. चार मिनिटंही लागली नाहीत. विसावा कपही याच मशीनचा गरम निघाला होता. त्याची ऑर्डर आम्ही त्याच संध्याकाळी दिली, आणि सोबत फिल्टरची दोन जादा काडतुसं मागवली.