हिरवा तुडतुडा म्हणजे नेमका कुठला?

बेळगावच्या खानापूरकडं भाताच्या दिवसांत रात्री लाइट लावला की भिंतीवर बारके हिरवे किडे येऊन बसतात, ते तुडतुडे. कन्नड बोलणारे शेजारी त्यालाच जिगीहुळ म्हणतात. सगळे एकच वाटतात, औषधही एकच मारलं जातं. पण भातावरच्या हिरव्या तुडतुड्यांत नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स आणि नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस अशा दोन वेगळ्या जाती आहेत, दोन्ही 4-5 मिलिमीटरच्या, दोन्हीतल्या नरांच्या पंखांची टोकं काळी. आणि हा फरक किरकोळ नाही हो, कारण भात पिवळं-नारिंगी करून खुजं ठेवणारा टुंग्रो रोग दोन विषाणू मिळून करतात आणि ते विषाणू एका रोपावरनं दुसऱ्यावर नेण्यात व्हिरेसेन्स जितका तरबेज आहे तितका निग्रोपिक्टस नाही.

मग ओळखायचं कसं? निग्रोपिक्टसच्या डोक्यावर काळा आडवा पट्टा असतो, व्हिरेसेन्सच्या नसतो, इथवर सोपं. पंखावरच्या काळ्या ठिपक्यांवर मात्र भरवसा नको, एकाच जातीत कुणाचे ठळक, कुणाचे पुसट, कुणाला अजिबातच नाहीत. आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचंही असंच, तिथं मानेमागच्या छोट्या त्रिकोणावर दोन ठिपके की तीन हे बघतात, पण दोन ठिपके ॲम्रिटोडस ॲटकिन्सनायलाही असतात आणि इडिओस्कोपस क्लायपियालिसलाही, मग परत डोक्यावरचे डाग बघायला लागतात.

म्हणून तज्ज्ञ रंगावर थांबत नाहीत. नराच्या पोटाचं टोक काढून 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवतात, मऊ भाग विरघळतो आणि आतला जननावयव मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसतो, त्याचा बाक, त्यावरचे काटे कुठं आणि किती, जात तिथं ठरते. मादी असेल तर पंचाईत, कितीतरी जातींत नुसत्या मादीवरनं नाव सांगताच येत नाही. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या सी. ए. विरक्तमठ यांनी कितीतरी वर्षं हेच बारीक काम केलंय, आपल्या राज्यात असं काम झालं याचं मला फार मोल वाटतं.

आता डीएनए आहेच, सीओआय नावाच्या जीनचा 658 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जुळवायचा, 2003 पासून ही पद्धत जगभर पसरली, मादी किंवा पिल्लू असलं तरी चालतं. पण जुळवायचं कशाशी? आधी कुणीतरी मायक्रोस्कोपखाली बरोबर ओळखून ठेवलेल्या नमुन्याशीच ना, तिथंच नाव चुकलं असेल तर पुढं सगळं चुकत जातं.

खुद्द तुडतुड्यांना मात्र यातलं काही लागत नाही, नर पोट थरथरवून रोपाच्या देठातनं कंपनं पाठवतो, आपल्याला ऐकू येत नाहीत, आणि मादी आपल्याच जातीच्या तालाला उत्तर देते. लेझरवर ही कंपनं रेकॉर्ड करून जाती वेगळ्या करता येतात, फक्त किडा जिवंत पाहिजे.

तुम्हाला नमुना तपासायला द्यायचा असेल तर मोबाइलवरच्या एका फोटोवर भागवू नका, नर-मादी दोन्ही येतील असे बरेच किडे अल्कोहोलमध्ये ठेवा आणि चिठ्ठीवर गाव, तारीख अन् कुठल्या पिकावर सापडले ते पेन्सिलनं लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.